आतली बाजू

लाझरसने बर्फगाडीवरून पोतं उतरवलं
तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं.
फरशीवर पोतं ओंडक्यासारखं वाजलं.
तीन बीव्हर. एक चांगलाच मोठा.
"थिजलेत. सैल होऊ देत," म्हणाला
आणि बूट न काढताच बाकावर झोपला.

सापळे त्याचे. उरलेलं माझं.

रक्त थंड पाण्याने धुवायचं.
गरम पाणी घाई करतं, डाग कायमचा बसतो.
मग पोटावरून एकच सरळ रेघ,
पंज्यांपाशी सुरी फिरवून घ्यायची, ओढायची नाही.
मग तुळईवर पसरून चरबी खरवडायची
दोन्ही हातांनी, स्वतःपासून दूर, शेपटीकडून डोक्याकडे की उलट
यावर आमच्या घरात दोन मतं आहेत
आणि दोन्ही मतांची माणसं आता पील नदीकाठी मातीत आहेत.

चरबी आधी मनगटापर्यंत येते, मग कोपरापर्यंत,
मग केसांत.
सोमवारी मी दवाखान्यात कार्डं शोधून देते.
नवी नर्स दर वेळी खिडकी उघडते.
गावातलं कोणी उघडत नाही.

वाळुंजीच्या दोन फांद्या वाकवून गोल कडं,
काठाने सुई, बोटभर अंतरावर टाका,
ताण सगळीकडून सारखा.
एकीकडे जास्त झाला की कातडं लांबुळकं होतं
आणि लाझरस विचारतो, "व्हर्ना, हा कुठे पळत होता?"

चुलीपासून लांब टांगायचं. लांब म्हणजे लांब.
मागच्या वर्षी मी इनुविकला होते अकरा दिवस,
याने सगळी कडी चुलीभोवती लावली, शेकोटीला बसवल्यासारखी.
वरून चकचकीत दिसत होती.
खरेदीदाराने दुमडली तर पापडासारखी मोडली.
अकरा दिवस कशासाठी, ते त्याने विचारलं नाही.
मी पापडाचं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी टिचकी मारून बघते.
ढोलकीसारखं बोललं की वाळलं.
मग खिडकीशी धरते, उजेड आरपार येतो,
पिवळा, म्हाताऱ्याच्या नखासारखा.

त्या मोठ्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर,
उजेडात एक पांढरी रेघ दिसली. वाकडी, चार बोटांची.
दुसऱ्या कुठल्या बीव्हरचे दात,
दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीचे.
उलटून पाहिलं, तर केसांत काही नाही.
फुंकर मारली, तरी नाही.
वर सगळं दाट, तपकिरी, पाण्याला दाद न देणारं.

बराच वेळ मी ते तसंच धरून उभी होते.
स्वेटरखाली माझा हात आपोआप गेला
जिथे टाके होते.
लाझरस बाहेर कुत्र्यांना ओरडत होता:
हाडं कुत्र्यांना द्यायची नाहीत, पाण्यात परत सोडायची,
म्हणजे ज्याचं त्याला पोचतं.
इतकं त्याला कळतं.

उपकार फेडायचे म्हणून लोक म्हणतात,
कातड्याचे जोडे करून घालीन.
आम्ही खरोखर करतो. मोजे, टोप्या, हातमोजेही.
फिटत नाही.

मार्चमध्ये विल्फ आला, बोटं थंड, चष्मा नाकावर.
केसांत फुंकर मारून म्हणाला, "सुंदर."
मग उलटं केलं. अंगठा बरोबर तिथेच थांबला.
"जुनी जखम," पावतीवर लिहिलं,
आणि नऊ डॉलर कमी केले.
"बरी झालीय की," लाझरस म्हणाला.
"बरी झाली म्हणूनच दिसतेय," विल्फ म्हणाला,
आणि पुढचं कातडं उचललं.

मी पैसे मोजले. पेट्रोल, पीठ, गोळ्या.
परतताना लाझरस बराच वेळ बोलला नाही.
मग गाडी थांबवून, मागे न बघता म्हणाला:
"त्या अकरा दिवसांत तुला जेवायला काय द्यायचे?"

"जेली," मी म्हणाले. "हिरवी."
तो हसला. गाडी सुरू व्हायला तीन झटके लागले.